हातच्याची वजाबाकी

सकाळचे अकरा-वीस. फळ्यावर ५२ वजा २७ आणि त्याखाली दुसरीतल्या एका मुलाने काढलेलं उत्तर, ३५. कसं केलंस ते सांग बाळा, असं मी त्याला विचारणार, तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल थरथरला. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर संदेश होता: ‘अत्यंत तातडीचे. सोबतच्या लिंकवर आज दुपारी दोनपर्यंत माहिती भरावी. न भरणाऱ्या शाळांची नावे वरिष्ठांना कळवली जातील.’ माहिती काय, तर शाळेत तांदूळ मोजायचा वजनकाटा आहे का आणि असल्यास चालू आहे का. हीच माहिती जूनमध्ये देऊन झाली होती. तरी मी उठले. आमच्याकडे रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथे उभी राहिले, लिंक दोनदा अडकली, तिसऱ्यांदा ‘सबमिट’ झाली. वीस मिनिटांनी वर्गात आले तर फळा स्वच्छ. त्या दिवशी फळा पुसायची पाळी त्याच मुलाची होती आणि त्याने ती इमानेइतबारे पार पाडली होती.

त्याचं ते ३५ मला पुन्हा भेटलं थेट दिवाळीनंतरच्या चाचणीत.

आधी मला यंत्रणेचा राग आला. नंतर तो संदेश पुन्हा वाचला. त्यात दुपारी दोनची वेळ दिली होती, आणि मी अकरा-वीसला उठले होते. मधली सुट्टी एक वाजता होते. ती वीस मिनिटं कोणी माझ्याकडून हिसकावून घेतली नव्हती, मीच उचलून दिली होती.

‘आम्हाला शिकवू द्या’ ही मागणी घेऊन महाराष्ट्रातले शिक्षक कितीतरी वेळा रस्त्यावर उतरलेत. मीही उतरलेय, आणि मागणी शंभर टक्के खरी आहे. पण शिक्षकांना द्यायच्या सल्ल्यांत एक गोष्ट कधी ऐकू येत नाही, म्हणून ती लिहिते. जे तास सरकार घेतं त्यांच्यासाठी भांडायचंच, पण जे तास अजून आपल्या ताब्यात आहेत ते सांभाळायलाही शिकायला हवं. मुलांचं शिकणं आणि आपली तब्येत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मला आता वाटत नाही. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: काय करायचं नाही, हे ठरवण्यात. आपल्याला प्रत्येक प्रशिक्षणात नवं काहीतरी ‘करायला’ सांगतात. आता तर ‘ताणतणाव व्यवस्थापन’ यावरही ऑनलाइन प्रशिक्षण असतं, शेवटी प्रश्नावली आणि प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र वेळेत अपलोड झालं नाही तर त्याचाही ताण येतो, हे त्या मॉड्यूलमध्ये सांगत नाहीत.

थोडं गणित करू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम २७ आपल्या सगळ्यांना पाठ: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. पण त्याच कायद्याला जोडलेलं परिशिष्ट फारसं कोणी वाचलेलं नसतं. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास, असं ते सांगतं. म्हणजे दिवसाला चार तास. आता आमच्यासारखी द्विशिक्षकी शाळा घ्या. वर्ग चार, शिक्षक दोन. एका वेळी माझ्यासमोर पहिली आणि दुसरी बसलेली. दोन्ही वर्गांना मी एकत्र पुरे पडत नाही, त्यामुळे प्रत्येक वर्गाच्या वाट्याला माझं लक्ष दिवसाला दोनच तास येतं. त्यातून अशा एका लिंकची वीस मिनिटं रोज गेली, तर वर्षाला ६६ तासांहून जास्त. शाळेचे सोळा-सतरा दिवस. हे फक्त एका लिंकचं झालं. यू-डायस म्हणजे शाळेची सगळी आकडेवारी, अपार आयडी म्हणजे मुलांचे ओळख क्रमांक, शालार्थ म्हणजे पगाराची ऑनलाइन प्रणाली, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्त्या हे सगळं अजून यात धरलेलंच नाही. मतदार यादीचं काम आणि २०२७ ची जनगणना तर कायद्यानेच चालणारं काम, त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही.

त्याच परिशिष्टात एक ओळ आपल्या बाजूची आहे. शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास त्यात ‘पूर्वतयारीसह’ मोजलेत. उद्याच्या पाठाची तयारी हे आपण रात्री जेवणं उरकल्यावर करायचं पुण्यकर्म नाही, ते नोकरीच्या तासांत धरलेलं काम आहे. पण आपण तयारी घरी नेतो आणि शाळेच्या वेळेत माहिती भरतो. हे उलटं कधी झालं ते आपल्यालाही कळलं नाही.

तर मी काय बदललं ते सांगते. सगळ्यांना जमेल असं नाही, पण बरंच जमतं.

फोन कपाटात गेला. परिपाठानंतर कपाट बंद, मधल्या सुट्टीत उघडायचं, शाळा सुटल्यावर पुन्हा एकदा. पालकांच्या अडीअडचणीसाठी एकाच फोनची रिंग चालू ठेवायची, कधी माझ्या, कधी सहकारी सरांच्या. एका आठवड्याला एकाने. पहिल्या महिन्यात दोनदा विचारणा झाली. मी एवढंच लिहिलं की वर्ग चालू होता, माहिती दीड वाजता भरली आहे. त्यावर कोणी काही बोललं नाही. ‘कारणे दाखवा’ येईल अशी आपल्याला जी धास्ती असते ती पुष्कळदा आपलीच आपल्याला घातलेली असते. सगळीकडे असं होईल असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी साहेबांचा स्वभावच तसा असतो. तिथे एकट्याने हटून बसू नये, केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी मिळून वेळ ठरवून घ्यावी. शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच, तिच्यात हा विषय मांडायला कोणाची ना नसते. २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करून दिली आहे. ती छापून शाळेत लावा. तोंडी सांगितलेल्या कामाला ‘लेखी पत्र मिळावं, म्हणजे नोंद राहील’ असं नम्रपणे म्हणायची सवय लावा. निम्मी कामं पत्र मागितल्यावरच विरघळतात.

दुसरी गोष्ट, माहितीची वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. शाळेचा यू-डायस क्रमांक, वर्गनिहाय आणि प्रवर्गनिहाय पट, खोल्यांची मापं, शौचालयं, नळ, मीटर क्रमांक, गॅसची जोडणी, भांडी, वजनकाटा. प्रत्येक माहितीला एक पान, तारीख टाकून. पुन्हा मागितली की बघून उतरवायची. आमच्या सरांनी ते सगळं एक्सेलमध्ये टाकलं, पण वीज नसताना कामाला येते ती वहीच.

आता मूळ गोष्टीकडे येते, त्या ३५ कडे.

दिवाळीनंतर मी त्या मुलाला जवळ बसवलं. त्याच्या शेजारच्या मुलीचंही उत्तर ३५ होतं. दोघांना वेगवेगळं विचारलं. मुलगा म्हणाला, “मॅडम, दोनातून सात जातच नाहीत ना. म्हणून सातातून दोन काढले.” सात वजा दोन पाच, पाच वजा दोन तीन. पस्तीस. मुलीने मात्र दशक सुटा केला होता. बारातून सात गेले, पाच उरले, अगदी बरोबर. पण शेजारच्या घरातला पाच तिने पाचच ठेवला, त्याचा चार केलाच नाही. पाच वजा दोन तीन. पस्तीस. उत्तर एकच, पण चुका दोन निरनिराळ्या. मुलाला स्थानिक किंमतच नीट उमगलेली नव्हती, त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या द्यायला हव्या होत्या. मुलीला सगळं कळत होतं, फक्त लिहिताना एक पायरी सुटत होती. मी चाचणीच्या पेपरांत दोघांच्याही उत्तरावर तांबडी फुली मारलेली होती. एकसारखी.

नवीन लागलेल्या शिक्षकांना मी सांगते ते हेच की वह्या तपासणं कमी करा. हे वाक्य भेटीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर बोलू नका, पण करा. प्रत्येक पानावर सही आणि तारीख यातून वही तपासली असं सिद्ध होतं, मूल कळलं असं नाही. २७ मुलांच्या वह्या रोज घरी नेऊन अकरा वाजेपर्यंत बरोबरच्या खुणा करण्यापेक्षा रोज पाचच मुलांच्या वह्या, मूल शेजारी बसलेलं असताना, वर्गातच बघाव्यात. ‘चुकलं’ म्हणायच्या आधी ‘कसं केलंस?’ विचारायचं. आठवड्याभरात वर्ग पूर्ण होतो. उरलेल्यांनी एकमेकांच्या वह्या तपासाव्यात, ते त्यांना फार आवडतं आणि आपल्यापेक्षा कडक तपासतात. ज्या दोन-तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पंधरा मिनिटं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे. त्यातलं आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकता-शिकता होणारं, मुळात हेच होतं. आपण त्याचं नोंदवहीत रूपांतर केलं आणि मग मार्चमध्ये बसून ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो’ असं २७ वेळा लिहू लागलो. मीही लिहिलंय.

पण ‘कसं केलंस?’ विचारल्यावर थांबता आलं पाहिजे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकल्या. त्यांना आढळलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण सेकंदभर थांबतात आणि पुढचं बोलायला लागतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वर्गात उभं राहून मनात एक, दोन, तीन मोजून बघा, युग वाटतं. मी प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघते, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून कोणी उत्तर ओळखत नाही. आमच्या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे. त्यांना तर प्रश्न आधी आपल्या बोलीत आणायचा असतो, मग उत्तर पुन्हा पुस्तकी मराठीत न्यायचं असतं. तीन सेकंदही त्यांना कमीच पडतात.

थांबण्याचा फायदा माझ्या गळ्यालाही झाला. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझा आवाज महिनाभर बसला होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, स्वरयंत्रावर गाठी येऊ लागल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “शिक्षिका का?” दुसरा, “पाणी किती पिता?” मी खरं सांगितलं. शाळेत पीतच नाही. कारण शौचालय आहे, पण पाणी नाही, आणि दार आतून लागत नाही. खेड्यापाड्यांतल्या किती शिक्षिका सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तहान मारून बसतात, याचा रकाना कुठल्याच लिंकमध्ये नसतो. शाळेला अनुदान आलं की रंगरंगोटी आणि बोलक्या भिंती होतात. माझं मत असं की आधी त्या दाराला कडी बसवावी. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत हा ठराव घेतला तेव्हा गावातल्या बायकांनी तो एका बैठकीत पास केला, कारण त्यांच्या मुलींचाही तोच प्रश्न होता. आवाजासाठी बाकी मोठं काही केलं नाही. गोंगाटाच्या वर ओरडायचं नाही, टाळीची एक लय ठरलेली आहे, तिला मुलं टाळीनेच उत्तर देतात. पाढे मुलांनी म्हणायचे, मी नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असला की तोंडी काही शिकवायचंच नाही, त्या तासाला चित्रं आणि लेखन.

अपडाऊनबद्दल लिहिलं तर आपलीच माणसं रागावतील. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याचा ग्रामसभेचा ठराव आपण घरभाडे भत्त्यासाठी जोडतो आणि तालुक्याहून रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर येतो. सगळ्यांना ठाऊक असलेली ही लबाडी आहे. ती करायला लावणारा नियम आणि राहण्याजोगी खोली नसलेलं गाव, दोन्हींचा त्यात वाटा आहे. मला फक्त इतकं म्हणायचंय की दिवसाचे अडीच-तीन तास गाडीवर गेले तर पाठीचं आणि शिकवण्याचं काय होतं ते ज्याचं त्याने एकदा मोजावं. बदलीच्या वेळी मोठ्या शाळेपेक्षा जवळची शाळा मागावी.

पैशाचं मात्र रोखठोक बोलायला हवं, कारण मी पाहिलेली निम्मी खचलेली माणसं कामाने खचलेली नव्हती, हप्त्यांनी खचलेली होती. नोकरीची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. प्राथमिकला ते २०२२ पर्यंत महिना सहा हजार होतं, जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झालं. तीन वर्षं संपून पूर्ण पगार सुरू झाला की पहिल्या महिन्यात पतसंस्थेचा सभासद, दुसऱ्या महिन्यात कर्ज, तिसऱ्या महिन्यात कोणाचा तरी जामीनदार. पतसंस्था वाईट नाहीत. आपल्यातल्या कित्येकांची घरं आणि बहिणींची लग्नं त्यांच्यावर झाली. पण जामीन ही सही ‘सर, फक्त एक सही’ म्हणून मागितली जाते आणि वसुली तुमच्या पगारातून होते. नाही म्हणता येत नसेल तर कारण आधीच तयार ठेवा. माझं ठरलेलं होतं: “घरच्यांना शब्द दिलाय.” या वाक्यापुढे आपल्याकडे कोणी वाद घालत नाही. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांनी, ज्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही, त्यांनी तिच्यासाठीच्या लढ्यात जरूर राहावं, मार्च २०२३ च्या संपात आम्हीही होतो, पण निकाल लागेपर्यंत स्वतःची थोडी शिल्लक टाकत राहावं.

सध्या स्टाफरूममध्ये, म्हणजे आमच्या व्हरांड्यात, एकच विषय आहे: टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हायला हवं. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली त्यांना नोकरीसाठी सूट, पण पदोन्नतीसाठी नाही. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे लागतं, मलाही लागलं. नेमणूक झाली तेव्हा ही अट नव्हती, हा मुद्दा खरा आहे आणि संघटनांनी तो लढवावा. पण लढाई चालू असताना अभ्यास बंद ठेवणं परवडणारं नाही. आम्ही पाच जणी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास बसतो. बालमानसशास्त्राचा भाग वाचताना गंमत वाटते, कारण त्यातलं बरंचसं आपण नाव न घेता रोज बघत असतो. आमच्यातली एक पंचेचाळीसची शिक्षिका सुरुवातीला रडली होती. मुलगा बारावीला, आणि आई परीक्षेला. आता ती दोघं एकाच टेबलावर बसतात म्हणे.

यावर एक आक्षेप मला पाठच आहे. शिक्षकांनीच वेळ सांभाळावा, शिक्षकांनीच पाणी प्यावं, शिक्षकांनीच पैसे वाचवावेत, मग सरकारने काय करायचं? मान्य. एकदा भरलेली माहिती दुसऱ्यांदा मागू नये, हे सरकारलाच करावं लागेल, आणि ते फार अवघड नाही. आकडे सगळे त्यांच्याच सर्व्हरवर आहेत. शाळेच्या वेळेत संदेश पाठवू नयेत, एवढं एक परिपत्रक निघालं तर त्यासाठी निधीही लागणार नाही. केंद्रागणिक एक डेटा ऑपरेटर द्या, शिक्षकांची रिक्त पदं भरा. या मागण्या मी सोडलेल्या नाहीत. फक्त त्या मान्य होईपर्यंत दुसरीची मुलं दुसरीत थांबत नाहीत. शिवाय दिवाळीनंतर आमच्या भागातले आईबाप द्राक्षबागांच्या कामाला निघतात, काही मुलं त्यांच्याबरोबर जातात. त्या मुलाचंही तेच झालं. वजाबाकी कळल्यानंतर आठ दिवसांनी तो गेला. काड्यांचा एक गठ्ठा त्याने रबर लावून बरोबर नेला.

मागच्या महिन्यात वजनकाट्याची माहिती पुन्हा आली. अत्यंत तातडीचे. मधल्या सुट्टीत कपाट उघडलं, वहीचं चौदावं पान काढलं, टाकीजवळ गेले. चार मिनिटं लागली. काटा गेल्या वर्षापासून बंदच आहे. दुरुस्तीसाठी लिंकमध्ये रकाना नव्हता.